मदत न करण्याचं प्रशिक्षण

इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून काम करणाऱ्या आम्हा बायकांना (बायकाच जास्त, पुरुष औषधापुरते) प्रशिक्षणात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: मुलांना स्वतःचं स्वतः शिकू द्या. शाळा सुटल्यानंतरचा तासभर, चहाबिस्किटं, भिंतीवर सरकणाऱ्या स्लाइड्स आणि हे वाक्य. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं की बाई हळूच सांगतात, "आज त्याचं पान पूर्ण झालं पाहिजे हं, तेवढं बघ." मंडळी, या दोन सूचना एकमेकींच्या सख्ख्या वैरिणी आहेत. वही रोज तपासली जाते, स्वावलंबन कोणी तपासत नाही. कुठली सूचना जिंकते ते सांगायला नको.

"म्हणजे तू आयाच ना शाळेतली?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांसाठी थोडा खुलासा. वर्ग शिक्षिकेचा असतो. असिस्टंट बहुतेक वेळा बसते ती सगळ्यात जास्त अडखळणाऱ्या मुलाशेजारी. म्हणजे ज्याला सगळ्यात कसलेला शिक्षक हवा, त्याच्याच वाट्याला वर्गातली सगळ्यात कमी पगाराची, सगळ्यात कमी तयारी करून घेतलेली व्यक्ती. या कामाला कायद्याने किमान पात्रतासुद्धा ठरवलेली नाही. असिस्टंटच्या कामाची मानकं सरकारने तयार करवून घेतली आणि २०१५ मध्ये ती प्रसिद्धच करायची नाहीत असं ठरवलं. शेवटी २०१६ मध्ये युनिसनसारख्या संघटनांनी मिळून ती स्वतः प्रसिद्ध केली. बंधनकारक अर्थातच नाहीत.

याचा परिणाम काय होतो ते माहीत नाही असंही नाही. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ पासून काही वर्षं याचा मोठा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. ज्या मुलांना असिस्टंटची मदत सर्वात जास्त मिळाली, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली होती. मुळात कच्ची मुलं, म्हणून मागे पडली असतील, ही शंका त्यांनीही घेतली होती. आधीचे गुण आणि विशेष गरजा हिशोबात धरूनही चित्र तेच राहिलं.

यावर काही शहाण्यांनी लगेच निष्कर्ष काढला: असिस्टंट नकोतच, पैसे वाचवा! अभ्यास तसं म्हणत नव्हता. त्यातच हेही होतं की चारातल्या तीन शिक्षकांना असिस्टंटबरोबर काम कसं करायचं याचं काहीही प्रशिक्षण नव्हतं. आम्हाला कुठल्या कामाला लावतात, किती तयारीनिशी लावतात, दुखणं तिथे आहे.

आता प्रत्यक्ष काय होतं बघा. ५२ वजा २७. मूल एककाच्या घरात ७ मधून २ वजा करतं (मोठ्यातून लहान, सरळ हिशोब!) आणि उत्तर लिहितं ३५. पान पूर्ण करायचं असेल तर मी म्हणणार, "खोड ते, हातचा घे, १२ मधून ७ गेले, किती? पाच. लिही." वीस सेकंदांत काम तमाम. २५ हे उत्तर माझं, अक्षर त्याचं.

दुसरी रीत आहे. आधी गप्प बसायचं. मनात दहा आकडे मोजायचे, आणि हे वाटतं तितकं सोपं नाही, करून बघा. मग विचारायचं, "उत्तर बरोबर आहे का ते तुला कसं तपासता येईल?" तरीही अडलं तर एक छोटी खूण, "३५ मध्ये २७ मिळवून बघ बरं." तेही नाही जमलं तर वेगळंच गणित, समजा ६३ वजा २८, आपण बोलत बोलत सोडवून दाखवायचं आणि त्याचं त्याला करू द्यायचं. उत्तर सांगणं सगळ्यात शेवटी. ही पायऱ्यांची उतरंड मी शोधलेली नाही. ब्लॅचफर्ड यांचे सहकारी रॉब वेबस्टर आणि इतरांनी ती २०१६ मध्ये असिस्टंटसाठीच्या पुस्तकात नीट मांडली आहे. पण एका गणिताला यात सहा-सात मिनिटं जातात. तासात पानावर चार गणितं होतात, बारा नाही.

मावशी फोनवर म्हणाली, "अगं, मदतीला ठेवलंय ना तुला? मग कर की मदत, पोराला कशाला ताटकळत ठेवतेस?" मावशीचं मन मोठं आहे, पण असं ताटकळणं त्याच्या वाट्याला कधी येतच नाही ही तर अडचण आहे. बाकीची मुलं दिवसभर अडतात, चुकतात, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात, पुन्हा करतात. याच्या शेजारी मात्र कायम एक बाई, पेन्सिल हातात घ्यायच्या आधीच पुढची पायरी सांगणारी. अशी काही वर्षं काढलेलं मूल पेन्सिल खाली ठेवतं आणि तुमच्याकडे बघतं. ते आळशी नसतं. आपण वाट बघितली की उत्तर येतं, एवढं त्याला आपणच पक्कं शिकवलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं, आधी प्रशिक्षण द्या शिक्षकांना. अर्धं पान चालेल असं त्यांनी तोंडाने म्हणायला शिकावं. तास सुरू होण्यापूर्वी आम्हा दोघींना पंधरा मिनिटं द्या, पगारी, म्हणजे आज काय शिकवायचंय ते मला मुलांबरोबरच कळायचं नाही. आणि मधून मधून मी उरलेल्या वर्गावर फिरते, त्या मुलाशेजारी बाईंनी बसावं. जगावेगळं यात काही नाही. अशा तऱ्हेच्या शिफारशी एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशनने २०१५ मध्येच शाळांपुढे ठेवल्या होत्या, फुकट, कोणीही वाचाव्यात अशा.

पुढच्या महिन्यात आमचं पुन्हा एक प्रशिक्षण आहे, विषय तोच. सूचनेत लिहिलंय, फक्त असिस्टंटसाठी. शिक्षकांना तेवढा वेळ वह्या तपासायला मोकळा दिला आहे.