यंत्राचा वेग आणि समाजाची जबाबदारी

औद्योगिकीकरण म्हणजे कारखाने, धुराडी आणि वाढते उत्पादन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. यंत्र केवळ वस्तू घडवीत नाही. माणसाची दिनचर्या, त्याचे कुटुंब आणि त्याचे सणवारही ते नव्याने घडवते. आज संगणकीय बुद्धिमत्तेमुळे किती रोजगार जातील आणि किती नवे निर्माण होतील, याची चर्चा सर्वत्र सुरू आहे. अशा वेळी मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास पुन्हा एकदा नजरेखालून घालणे उद्बोधक ठरेल.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली आणि ताडदेव येथील त्यांच्या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याच्या तीनच वर्षे आधी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली होती. पुढे लोहमार्ग पसरले, खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईत येऊ लागला, येथील सूत चीनच्या बाजारपेठेत पोहोचले आणि लालबाग, परळ, भायखळा, वरळी या परिसरात गिरणगाव उभे राहिले. त्यासाठी लागणारे मनुष्यबळ मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून आले.

हा माणूस शेतीतून आलेला होता. शेतीतही कष्ट होते. पण ते ऋतूंच्या कलाने चालत. पेरणी-कापणीला उसंत नसे, तर सुगीनंतर थोडा विसावा मिळे. अमावास्येला औत न धरण्याची प्रथा अनेक गावांत होती. गिरणीत पंचांगाची जागा भोंग्याने घेतली. सुरुवातीला निदान सूर्यास्ताची मर्यादा होती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, तशी तीही उरली नाही आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. अंधार दूर करणाऱ्या शोधाने कामगाराची विश्रांती हिरावून घेतली. दोष दिव्याचा नव्हता; त्याच्या वापराला कोणतीही सामाजिक मर्यादा नव्हती, हे खरे कारण होते.

मर्यादा घालणारा कायदा किती संथपणे आला, हे पाहण्यासारखे आहे. पहिला कारखाना कायदा १८८१ चा, म्हणजे पहिली गिरणी सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांनी झालेला. त्यामागे कामगारांविषयीच्या कळवळ्याइतकीच मुंबईच्या स्पर्धेने अस्वस्थ झालेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांची निकडही होती. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास या कायद्याने बंदी केली. प्रौढांच्या तासांबाबत तो मौनच राहिला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित केले आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य करून घेतली. आज जी सुट्टी आपण गृहीत धरतो, ती अशी झगडून मिळालेली आहे. कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ मध्ये आली आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा नियम व्हायला १९४६ साल उजाडले. यंत्र आले आणि तब्बल नव्वद वर्षांनी माणसाच्या वेळेचा हिशेब पूर्ण झाला. दरम्यान पिढ्या खर्ची पडल्या.

या काळात कामगाराला तारले ते समाजाच्या अंगभूत शक्तीने. मुंबईची खोली लहान आणि पगार तुटपुंजा, म्हणून बायकामुले गावी राहत. कोकणातील असंख्य चुली मनीऑर्डरवर पेटत. एकट्या पुरुषाला खानावळवाल्या मावशीने घासभर अन्न दिले. गावमंडळाच्या गाळ्यात त्याला पथारीपुरती जागा मिळाली. भजनी मंडळे, व्यायामशाळा आणि सार्वजनिक उत्सव यांनी एका खोलीत पंधरा-वीसजण राहणाऱ्या माणसांना परकेपणा जाणवू दिला नाही. गावाने शहरात आपली मुळे अशी रुजवली. या व्यवस्थेची उभारणी कोणत्याही सरकारी योजनेने केलेली नव्हती.

तथापि समाजाच्या या शक्तीलाही सीमा असते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्याआधीच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे कापडाचा धंदा सरकू लागला होता आणि गिरण्यांचे आधुनिकीकरण रखडले होते. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. खानावळी ओस पडल्या, मनीऑर्डरी आटल्या, मुलांची शिक्षणे अर्ध्यावर सुटली. गिरण्यांच्या जमिनींवर मात्र टोलेजंग इमारती आणि मॉल उभे राहिले. घरांसाठी कामगार व वारसांचे दीड लाखांहून अधिक अर्ज आले. प्रत्यक्षात मिळालेली घरे त्याच्या अल्पांशाइतकीच आहेत. ज्यांच्या श्रमावर हे महानगर उभे राहिले, त्यांना त्याच महानगरात निवारा मिळू नये, ही बाब कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारी नाही.

आज भोंग्याची जागा भ्रमणध्वनीवरील सूचनेने घेतली आहे. घरोघरी जिन्नस पोहोचवणाऱ्या तरुणाला मुकादम दिसत नाही. त्याचे काम, वेळ आणि मोबदला संगणकप्रणाली ठरवते. अशा कामगाराची दखल कायद्याने प्रथम घेतली ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण शब्द कागदावरून त्याच्या घरापर्यंत पोहोचले पाहिजेत.

यंत्राला विरोध करण्यात शहाणपण नाही. गिरण्या आल्या म्हणून हजारो कुटुंबांना दुष्काळात आधार मिळाला, हेही विसरता येत नाही. मात्र नवे तंत्र आणणाऱ्याने त्याच्या लाभाचा हिशेब मांडताना, त्यामुळे विस्थापित होणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणाचा, निवाऱ्याचा आणि वृद्धापकाळाचा हिशेबही त्याच वहीत मांडला पाहिजे. गिरणगावाला न्यायासाठी नव्वद वर्षे थांबावे लागले. पुढच्या पिढीला तितकी प्रतीक्षा करायला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.