मदत नव्हे, वाटा

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत आपल्या महाविद्यालयाला जो करंडक मिळाला, त्यात प्रस्तुत लेखकाचा थोडाफार हात होता. हे फुशारकीसाठी सांगत नाही; किंबहुना आज ते सांगताना संकोचच वाटतो. स्पर्धेचा विषय होता 'मातृऋण'. आठ दिवस संध्याकाळी मी घरी भाषणाची तालीम करीत असे. आमच्या वसईच्या घरात बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार आहे, पण ते कधी लावले जात नाही. फोर्टातल्या कचेरीतून साडेसातला परतलेली आई आत पोळ्या लाटीत असे आणि मी बाहेर आवाज चढवून आईचे ऋण फिटणे कसे अशक्य आहे, ते भिंतीला पटवून देत असे. एकदा मी परिणामासाठी नेमका थांबलो असताना आतून आवाज आला, "झालं का रे? मग तेवढा कुकरखालचा गॅस बंद कर."

मला राग आला. इतक्या उत्कट जागी कुकर मध्ये आला म्हणून! गॅस मी बंद केला की नाही, ते आठवत नाही. बहुधा धाकट्या बहिणीने केला असावा.

त्याच विषयावर आज पुन्हा चार शब्द लिहायचे आहेत. मात्र ते व्यासपीठावरून नव्हेत.

जुलै महिन्यात स्टेशनच्या ओल्या जिन्यावर आई घसरली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. कचेरीची वैद्यकीय रजा मंजूर झाली. घरच्या कामाची रजा मात्र कोणाकडे मागायची, असा प्रश्न उभा राहिला. आजी म्हणाली, "आता पोरीनंच बघायला हवं." सगळ्यांचे डोळे बहिणीकडे वळले. माझेही वळले, हे कबूल करतो. ती बारावीला आहे. तिने पुस्तकातून मान वर केली आणि शांतपणे विचारले, "का? दादाला काय झालंय?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. अशा रीतीने मी स्वयंपाकघरात शिरलो.

पहिल्या आठवड्यातल्या फजित्यांचे वर्णन करीत बसत नाही. करपलेला भात आणि नकाशासारख्या पोळ्या यांवर आजवर पुष्कळ विनोदी लेख आलेले आहेत. शिवाय हात भाजणे, पोळी वेडीवाकडी होणे हे काही या कामातले अवघड नव्हे. दहा दिवसांत हात वळतो. अवघड आहे ते निराळेच, आणि ते मला मटकीने शिकवले.

एका बुधवारी वडिलांनी डब्याला मटकीची उसळ करायला सांगितली. मी सकाळी सहाला उठून मटकीचा डबा उघडला. आई म्हणाली, "अरे, बुधवारची उसळ सोमवारी रात्री सुरू होते." सोमवारी रात्री मटकी भिजत घालायची, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची, तेव्हा कुठे बुधवारी तिला मोड येतात. म्हणजे सोमवारी रात्री घरातले इतर सर्वजण अंथरुणावर पडलेले असताना कोणीतरी एकजण बुधवारचा विचार करीत असतो. आमच्या घरी तो 'कोणीतरी' वीस वर्षे एकच होता.

मग हळूहळू माझ्या ध्यानात येऊ लागले की घरकाम म्हणजे केवळ हातांचे काम नव्हे, ते मुख्यतः लक्षात ठेवण्याचे काम आहे. दही विरजायला हवे. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या चारच उरल्या आहेत. सिलिंडर नोंदवायला हवा. उद्या पाणी लवकर जाणार आहे. बहिणीच्या शिकवणीची फी भरायची आहे. हे सगळे आई डोक्यात घेऊन लोकलमध्ये चढत असे आणि कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या फायलींवर टिपणे लिहीत असे.

लोकलवरून आठवले. लहानपणी सुट्टीत कधी आईबरोबर लेडीज डब्यातून जाण्याचा योग येई. परतीच्या गाडीत बायका मांडीवर पिशवी पसरून मटार सोलीत, भेंडी पुसून चिरीत, गवारीच्या शिरा काढीत. माझ्या हातावर चार कोवळे दाणे पडत. त्यामुळे मला ती मोठी गंमत वाटे. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांसाठी लोकल सुरू केली, तिचे आपण योग्य ते कौतुक करतो. पण त्या गाडीतल्या बायका भाजी का चिरीत असत, आणि शेजारच्या पुरुषांच्या डब्यात त्याच वेळी पत्ते का पिसले जात असत, हा प्रश्न मला आजपर्यंत पडला नव्हता. दोन्ही डबे एकाच वेळी वसईला पोहोचतात. दोघांचाही दिवस कचेरीतच गेलेला असतो.

येथे कोणी म्हणेल की घरोघरी कृतज्ञता तर असतेच. आहे ना! आमच्याही घरी ती भरपूर आहे. पण ती कोणत्या दिशेने वाहते, ते जरा पाहू. आई सर्वांना सांगते, "आमच्याकडे मला नोकरी करू देतात." वीस वर्षे पगार घरात आणणारी बाई 'करू देतात' म्हणून आभारी आहे! मी लहान असताना आजीने मला सांभाळले, म्हणून ती आजीची आभारी आहे. मुलांच्या आजारपणात साहेब अर्धा तास लवकर सोडीत, म्हणून ती साहेबांची आभारी आहे. वडील रविवारी बाजारातून मासळी आणतात, ती त्यांची 'मदत' होते आणि आई शेजारणीला कौतुकाने सांगते, "हे फार मदत करतात हो." तीच मासळी आई साफ करते, तळते, कालवण करते, त्याला मात्र मदत म्हणत नाहीत. त्याला काहीच म्हणत नाहीत. वडील माणूस म्हणून अत्यंत चांगले आहेत, हे मुद्दाम सांगतो. प्रश्न माणसाच्या चांगुलपणाचा नाही, तो शब्दाचा आहे. मदत ही दुसऱ्याच्या कामात करायची असते. ज्या घरात आपण जेवतो, झोपतो, कपडे बदलतो, त्या घरचे काम दुसऱ्याचे कसे?

आणि बायकांच्या वाट्याला जी कृतज्ञता येते, ती कशी असते? यंदा ८ मार्चला आईच्या कचेरीत महिला दिनाचा समारंभ झाला. गुलाबाची फुले वाटली, दोन भाषणे झाली. भाषणे लांबली, म्हणून तिची नेहमीची गाडी चुकली आणि घरी यायला पाऊण तास उशीर झाला. फूल पेल्यात ठेवून तिने पदर खोचला. त्या पेल्याकडे पाहताना मला आमच्या कपाटातला करंडक आठवला. दोन्ही वस्तू एकाच जातीच्या!

अर्थशास्त्राच्या वर्गात राष्ट्रीय उत्पन्न शिकविताना सरांनी पिगू या अर्थशास्त्रज्ञाचे प्रसिद्ध उदाहरण सांगितले होते. एखाद्याने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. कारण काम तेच राहिले तरी पगार थांबतो आणि काम हिशेबातून नाहीसे होते. तेव्हा वर्ग हसला होता. मीही हसलो होतो. आपल्या देशात या नाहीशा झालेल्या कामाची मोजणी आता होऊ लागली आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांच्या वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्के स्त्रिया दिवसाकाठी घरचे बिनपगारी काम करतात असे तीत आढळले. पुरुषांचे प्रमाण २६ टक्के. जे हे काम करतात, त्यांत स्त्रीचा सरासरी वेळ रोज २९९ मिनिटे आणि पुरुषाचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली खरी, पण ती पुरुषाने उचलली म्हणावे, तर त्याचीही नऊ मिनिटे कमीच झाली आहेत! २०२४ सालीच महाराष्ट्र शासनाने मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लावण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु नावात आई आली, म्हणून मोरीतली भांडी आपोआप घासली जात नाहीत.

या विचारावर एक आक्षेप मला आधीच दिसतो. आमचे काही प्राध्यापकही तो घेतील. प्रेमाने केलेल्या कामाचा असा मिनिटांनी हिशेब मांडणे बरे दिसते काय? घर म्हणजे का कचेरी आहे?

आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तर माझ्या बुद्धीने न देता आईच्या एका वाक्याने देतो. प्लास्टरच्या त्या सहा आठवड्यांत तिने ग्रंथालयातून माझ्याकरवी कादंबऱ्या आणवल्या आणि डाव्या हाताने पाने उलटीत एकामागून एक चार वाचल्या. तिने मराठी विषय घेऊन बी. ए. केले आहे, हे मला ठाऊक होते; पण ती वाचते, हे ठाऊक नव्हते. कारण मी तिला वाचताना कधी पाहिलेच नव्हते. चौथी कादंबरी परत देताना ती सहज म्हणाली, "हात मोडला म्हणून वाचायला तरी मिळालं."

मित्रहो, हा हिशेब प्रेमाचा नाही. प्रेम होते, आहे. हिशेब आहे तो त्या न वाचलेल्या पुस्तकांचा. कविता आणि कादंबरी यांच्यावर आपण कला शाखेचे विद्यार्थी तासन् तास चर्चा करतो. आपल्याच शाखेची एक पदवीधर घरात वीस वर्षे पुस्तकावाचून राहिली, आणि तिला पुन्हा वाचायला मिळावे म्हणून हाड मोडावे लागले, याची लाज कोणाला वाटायची?

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' आपण सर्वांनी वाचलेली आहे. तीत अळणी भाजीची गोष्ट आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. तिला वाईट वाटू नये म्हणून वडील आणि मुले अवाक्षर न काढता ती भाजी खातात. कृतज्ञतेचा याहून सुंदर धडा मराठीत नसेल. पण यंदा ती गोष्ट पुन्हा वाचताना मी एका ठिकाणी अडखळलो. भाजी अळणी आहे, हे आईला कळते केव्हा? सर्वांची जेवणे आटोपल्यावर ती स्वतः जेवायला बसते तेव्हा! त्या काळाला दोष देण्यात अर्थ नाही. पण आपल्या काळात ती सर्वांबरोबर बसली असती, तर पहिल्याच घासाला तिला कळले असते आणि सर्वांनाच मीठ मिळाले असते.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचेही येथे सांगायला हवे. त्या दिवसांत त्या रोज अर्धा तास जास्त थांबून कणीक मळून देत. मी त्यांचे भरभरून आभार मानी. एके दिवशी आईने विचारले, "नुसतेच आभार, की पैसे वाढवलेस?" मी निरुत्तर झालो. मावशींनाही आमच्याकडून घरी जाऊन स्वतःची चूल पेटवायची असते. आपला वाटा दुसऱ्या बाईच्या माथी मारून आईला मोकळे केले, असे होता कामा नये. त्या महिन्यापासून पैसे वाढवले.

ऑगस्टअखेर प्लास्टर निघाले. आजीने शिरा केला आणि "आता घर रुळावर आलं," म्हणाली. रुळ कोणते, हे सर्वांना कळले होते. त्या रात्री आम्ही बाहेरच्या खोलीत बसून कामे वाटून घेतली. पाणी भरणे, डब्याची भाजी आणि कडधान्याचे भिजवणे-बांधणे माझ्याकडे. कपडे, बाजार आणि औषधे वडिलांकडे. बहिणीकडे परीक्षेपर्यंत फक्त रात्रीची आवराआवर. आईने आधी विरोध केला. "तुम्ही पसारा कराल," म्हणाली. पसारा होतोच. गेल्याच आठवड्यात मी मटकी भिजवायला विसरलो आणि डब्याला पिठले द्यावे लागले. ती काही बोलली नाही. हल्ली रात्री जेवणानंतर ती अर्धा तास वाचते. फार नाही, अर्धाच तास.

माझ्या बंधूंना एवढेच सांगणे आहे. वसतिगृहात राहणारे सुट्टीत घरी जातील; इतर रोजच जातात. घरी गेल्यावर आईचे आभार मानू नका. तिला त्याची सवय नाही. ती उगीच घाबरेल. "मी काही मदत करू का?" असेही विचारू नका. काय करायचे ते ठरवण्याचे काम पुन्हा तिच्याच डोक्यावर पडते. एक काम निवडा, ते आपले म्हणा, आणि ते लक्षात ठेवण्याची जबाबदारीही स्वतःकडे घ्या. ऋण फिटेल असे नाही. पण निदान व्याज तरी चढायचे थांबेल.

यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी सरांनी माझे नाव विचारले होते. तालमीची वेळ संध्याकाळी सात ते नऊ. मी सरांना म्हणालो, "सर, उतरतो, पण सातला मला भाजी चिरायची असते. साडेआठनंतर चालेल का?"

सर हसले आणि "चालेल," म्हणाले.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)