"फोर्ज्ड आहे ना, मग काय टेन्शन!"

हे वाक्य पुन्हा ऐकलं तर मी भांडणार आहे, सांगून ठेवतो. मित्राने लोखंडी बॅरलच्या जुन्या ३५० बुलेटमध्ये २६१८ मिश्रधातूचा फोर्ज्ड पिस्टन टाकला. बोअर आधीच करून ठेवलेला, तोही कास्ट पिस्टनच्या क्लिअरन्सने. भंडाऱ्याहून नागपूरला निघालो, मौदा यायच्या आत सीझ!

अरे बाबा, २६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नसतंच. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के, म्हणून तो कमी फुगतो. ७० मिमीच्या बोअरला, तापमान १५० अंशांनी वाढलं की दोघांत ०.०३ मिमीचा फरक. फालतू वाटतं? इथे सगळा खेळच शतांशांचा आहे. बरं, २६१८ ला जागा जास्त द्या, तर थंड इंजिन खडखडतं. टर्बो नाही, रेस नाही, मग ऑफिसला जायला २६१८ कशाला? (आमच्या भंडाऱ्यात भांडं घेतानाही लोक आधी धातू विचारतात.)

आणि माप? आमचे मिस्त्री म्हणाले, "पिस्टन पाहिल्याबिगर बोअर कसा करू जी?" स्कर्टवर, पिनला काटकोनात, बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर मायक्रोमीटर लावायचा, होनिंग त्यानंतर. हे अडाणीपण म्हणणाऱ्या आमच्या इंजिनिअर मित्राकडे फीलर गेजसुद्धा नव्हता. रिंग गॅप त्याने 'अंदाजे' ठेवलेला!