विश्लेषण : ‘शाळेची ऑर्डर’ हे काम नाही, मग पुढचे पाऊल कोणते?

चादर आणि टॉवेलसोबत सोलापूरची ओळख आता शालेय गणवेशासाठीही आहे. राज्यातील बहुतेक शाळा जूनच्या मध्यात उघडतात. ती वेळ हुकली, की शिवून ठेवलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळणे अवघड. छोट्या कारखानदाराकडे मशिन असते, कारागीर असतात, तरी ऑर्डर रखडते. बऱ्याचदा कारण एकच : सगळे काम मालकाच्या डोक्यात, कागदावर काहीच नाही.

प्रकल्प म्हणजे काय?
अमेरिकी सल्लागार डेव्हिड ॲलन यांचे ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे पुस्तक २००१ मध्ये आले. त्यांची व्याख्या सोपी आहे : एकापेक्षा जास्त पावले लागतात ते प्रत्येक काम म्हणजे प्रकल्प. वहीत नुसते ‘शाळेची ऑर्डर’ लिहिले तर हात कुठे घालायचा ते कळत नाही. ‘मुख्याध्यापकांना फोन करून मापांची यादी मागणे’ असे लिहिले, तर फोन लगेच उचलता येतो. हेच पुढचे पाऊल.

किती याद्या हव्यात?
सुरुवातीला तीन पुरेत. चालू प्रकल्प, प्रत्येकाचे पुढचे पाऊल आणि ‘कुणाकडे अडले आहे’. तिसरी यादी अनेक जण विसरतात. कापड व्यापाऱ्याकडे, काजे-बटणाचे काम बाहेर, पैसे शाळेकडे. प्रत्येक नोंदीपुढे नाव आणि तारीख हवी. दोन मिनिटांत होणारे काम मात्र यादीत न लिहिता तिथेच उरकावे, असे ॲलन सांगतात.

डोके हलके होते का?
मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांचे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. अपुरे काम मनात घोळत राहते आणि दुसऱ्या कामात लक्ष लागू देत नाही. पण ते कधी, कसे करायचे याचा नेमका बेत ठरला, की काम पूर्ण होण्याआधीच हा त्रास कमी होतो, असे त्यांना आढळले.

मग चुकते कुठे?
याद्या करून त्या पुन्हा न पाहण्यात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, सर्व याद्या वाचायलाच हव्यात. झालेले खोडावे, नवे पाऊल लिहावे. त्यासाठी महागडे ॲप लागत नाही; साधी वही चालते. व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डरही त्याच वहीत उतरली पाहिजे, नाहीतर ती दिवसभराच्या संदेशांखाली दबते.

ही पद्धत वीज आणत नाही, उधारी वसूल करत नाही, कारागीरही वाढवत नाही. उलट, हाती घेतलेले प्रकल्प एका पानावर दिसले, की आणखी एका शाळेला ‘यंदा जमणार नाही’ असे वेळेत सांगता येते. हा नकार मार्चमध्ये दिला तर शाळा दुसरीकडे जाऊ शकते. जूनमध्ये दिला, तर मुले पहिल्या दिवशी जुन्याच गणवेशात येतात.