मजल दरमजल

खासबाग-वडगाव भागात पहाटे मागांचा खटखटाट कानी पडावा, हे नेहमीचेच. हल्ली त्याच वेळी येळ्ळूरच्या रस्त्याने धावत निघालेल्या तरुण-तरुणींची पावलेही ऐकू येतात. यांतील बहुतेक जण प्रकृतीसाठी धावतात, काहींना शहरातल्या शर्यतीचे पदक मिळवावयाचे असते. परंतु एखाद्याच्या मनात त्याहून मोठा बेत शिजत असतो. परदेशातील पर्वतांच्या पायथ्यापायथ्याने पाच-सहा दिवस चालणाऱ्या दीर्घ धावेत आपणही भाग घ्यावा, असे त्यास वाटते. घरात हा विषय निघाला म्हणजे वडील विचारतात, "एवढा पैसा खर्चून पाय दुखवून घ्यायला परदेशी कशाला जायचं?" आणि आई विचारते, "तिकडे काही झालं तर?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आईच्या प्रश्नात तर या शर्यतीचे निम्मे शास्त्र सामावले आहे. म्हणून आज या दोन प्रश्नांचा विचार वाचकांबरोबर करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम ही धाव असते तरी कशी, ते पाहू. मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरांची. तीहून लांब ती दीर्घ धाव. तिचाच एक प्रकार म्हणजे टप्प्यांची शर्यत. रोज ठराविक अंतर धावावयाचे, सायंकाळी मुक्काम करावयाचा, आणि दुसऱ्या दिवशी सुजल्या पायांनी पुन्हा निघावयाचे. सर्व दिवसांच्या वेळांची बेरीज करून अनुक्रम लागतो. मोरोक्कोच्या वाळवंटात १९८६ पासून अशी एक शर्यत होते. तिचे अंतर सुमारे २५० किलोमीटर असून धावणाऱ्याने आपले अन्न आपल्या पाठीवर वाहून न्यावयाचे असते; पाणी आणि राहुटी तेवढी मिळते. युरोपात २००५ साली आल्प्स पर्वत ओलांडून जाणारी अशीच एक धाव सुरू झाली. ती सुरू झाली तीच जोडीजोडीने धावण्याची शर्यत म्हणून. दोघांनी बरोबर राहावे, एकाने दुसऱ्यास मागे टाकून पुढे जाऊ नये, हा तिचा दंडक. डोंगरात माणूस एकटा पडू नये, हा त्यामागील हेतू होय. आपल्या देशातही दार्जिलिंगजवळ, नेपाळच्या सरहद्दीलगतच्या संदकफूच्या डोंगररांगेत, १९९१ पासून पाच दिवसांत शंभर मैलांची शर्यत भरत आली आहे.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. धावण्यासाठी परदेशी जाणे ही गोष्ट बेळगावास नवी नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच मातीतला एक तरुण त्यासाठी समुद्रापार गेला होता. त्याचे नाव फडेप्पा दारेप्पा चौगुले. आजच्या पिढीस हे नाव ठाऊक नसावे, याचे आम्हांस वाईट वाटते.

ती हकीकत अशी. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याचे क्रीडासामने झाले. सर दोराबजी टाटा हे जिमखान्याचे अध्यक्ष होते. त्या सामन्यांत लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी जे तरुण उतरले, ते बहुतेक शेतकरी कुटुंबांतले. त्यांस ना कोणी शिकविले होते, ना त्यांच्या खाण्यापिण्याची कोणी विशेष तजवीज केली होती. तरीही त्यांच्या वेळा पाहून दोराबजी थक्क झाले. युरोपातील धावपटूंच्या वेळांशी त्यांची तुलना करता येण्याजोगी होती. या मुलांस ऑलिंपिकला पाठवावे, हा विचार त्यातून जन्मास आला. पुढल्याच वर्षी बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक व्हावयाचे होते. दोराबजींनी पदरचे पैसे घातले, इतरांकडून मदत मिळविली, सरकारदरबारी खटपट केली, आणि धावपटू व कुस्तीगीर यांचे एक छोटेसे पथक बोटीने रवाना झाले. त्यांत आपले चौगुले होते.

२२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पला मॅरेथॉन झाली. तेव्हा अंतर आजच्यासारखे ठरून गेलेले नव्हते. त्या वर्षीचा मार्ग ४२ किलोमीटर ७५० मीटरांचा, म्हणजे आजच्याहून अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब, होता. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद घेतले. त्यांचा क्रमांक १९ वा लागला. पदक मिळाले नाही. परंतु परक्या हवेत, परक्या रस्त्यावर, जगातल्या नामांकित धावपटूंबरोबर तो तरुण आपली चाल धरून धावला आणि शर्यत पुरी करूनच थांबला. आमच्या मते तो एकोणिसावा क्रमांक बेळगावच्या कोणत्याही शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

तथापि या हकीकतीतील एक गोष्ट आजच्या तरुणांनी विशेष ध्यानात घ्यावी. चौगुले घरातून उठले आणि अँटवर्पला गेले, असे घडले नाही. आधी ते आपल्या मुलखात धावले, मग पुण्यास पारखले गेले, मग कोणीतरी जाणत्याने त्यांची वेळ घड्याळावर मोजली, आणि त्यानंतरच प्रवासाचा खर्च उभा राहिला. आज शुल्क भरले आणि नाव नोंदविले, की पुष्कळ शर्यतींचे दार उघडते. दार उघडे असणे आणि आपण आत जाण्यास सिद्ध असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

दिवसामागून दिवस वाट चालण्याची विद्या आपल्याकडे परंपरेने आहेच. आषाढीला आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीचे मानाचे अश्व आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून, पायी आळंदीस जातात. पुढे पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट मजल दरमजल करीत पंढरपूर गाठते. आपल्यापैकीही कित्येक भाविक फेस्ताला जुन्या गोव्यास पायी जातात. अशी वाट चाललेल्या कोणाही वडीलधाऱ्या माणसास विचारा. तो सांगेल, की खरी परीक्षा वाटेवर होत नाही, मुक्कामावर होते. पाय धुतले का, फोड वेळीच पाहिला का, भूक नसली तरी चार घास पोटात ढकलले का, वेळेवर पाठ टेकली का, यांवर उद्याची मजल ठरते. परदेशातील टप्प्यांच्या शर्यतीतही नेमके हेच घडते. पहिल्या दिवशी आवेशाने सर्वांच्या पुढे धावलेला गडी तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसलेला दिसतो, आणि पहिल्या दिवशी मागे राहिलेला संथ चालीचा माणूस त्याच्यावरून शांतपणे पुढे जातो.

यास शारीरिक कारण आहे. चढ चढताना दम लागतो, पण मांड्यांची खरी खराबी उतारावर होते. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच त्यास अंगाचा भार पेलावा लागतो, त्यामुळे त्याचे सूक्ष्म तंतू दुखावतात. हे दुखणे लगेच वर येत नाही. एक-दोन दिवसांनी शिगेस पोहोचते. म्हणजे एका दिवसाच्या शर्यतीत जे दुखणे घरी बिछान्यावर भोगावयाचे, ते येथे डोंगरात धावताना भोगावे लागते. त्यातच पर्वतांत अडीच हजार मीटरांच्या वर गेल्यास विरळ हवेने डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे असे त्रास संभवतात.

यावर अर्धवट माहितीचे जे उपाय होतात, ते दुखण्याहून वाईट. घाम जातो म्हणून केवळ पाणीच पाणी पीत राहावे, असा पुष्कळांचा समज आहे. प्रमाणाबाहेर पाणी प्याल्याने रक्तातील क्षाराचे प्रमाण उतरते. माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो आणि प्रसंगी प्राणासही मुकतो. तहानेप्रमाणे पाणी प्यावे आणि सोबत खारट काही खात जावे, हेच शहाणपणाचे. दुसरी गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची. अनेक दिवसांच्या दीर्घ धावांत भाग घेणाऱ्यांवर केलेली एक चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत आयबुप्रोफेन घेतलेल्यांमध्ये मूत्रपिंडांस इजा झालेल्यांचे प्रमाण ते न घेतलेल्यांपेक्षा अधिक आढळले. दुखणे ही शरीराची हाक आहे. ती गोळीने दाबून पुढे धावणे म्हणजे दाराशी आलेल्या निरोप्याचे तोंड बंद करण्यासारखे आहे.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. काही झाले तर? हा प्रश्न भित्र्याचा नव्हे. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातील शंभर किलोमीटरांची एक शर्यत झाली. सकाळी १७२ स्पर्धक निघाले. दुपारी उंचावरच्या टप्प्यात अकस्मात गारा, गोठविणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. बहुतेकांच्या अंगावर तोकडे कपडे होते. वारा अडविणारे जाकीट जवळ बाळगण्याची शिफारस होती, सक्ती नव्हती. थंडीने एकवीस जण दगावले. त्यांत देशातले नावाजलेले धावपटूही होते. वेग, अनुभव, कीर्ती यांपैकी काहीही त्या गारठ्यापुढे कामास आले नाही. झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ मात्र डोंगरातल्या आपल्या गुहेत आश्रयास होता. त्याने थंडीने आखडलेल्यांना आत घेतले, शेकोटी पेटविली, आणि सहा जणांचे प्राण वाचविले. त्या दिवशी त्या डोंगरात सर्वांत मोठे काम कोणी केले असेल, तर ते न धावणाऱ्या या माणसाने केले.

ही शर्यत एका दिवसाची होती. अनेक दिवसांच्या शर्यतीत असा प्रसंग रोज उभा राहू शकतो. म्हणून नाव नोंदविण्यापूर्वी घरच्यांनी बसून काही प्रश्न विचारावेत. स्पर्धकाने जवळ काय काय बाळगलेच पाहिजे, याची सक्तीची यादी आहे काय, आणि ती तपासली जाते काय? हवा बिघडल्यास शर्यत थांबविण्याचा अधिकार कोणास आहे? दोन चौक्यांमध्ये अंतर किती, आणि तेथे डॉक्टर असतो काय? विम्यात डोंगरातून सुटका करून आणण्याचा खर्च धरला आहे काय? कित्येक साध्या प्रवास-विम्यांत तो धरलेला नसतो, आणि हेलिकॉप्टर बोलवावे लागले तर कुटुंबाच्या वर्षांच्या मिळकतीवर पाणी पडू शकते. या प्रश्नांची नीट उत्तरे जे देत नाहीत, त्यांच्या शर्यतीस मुलास पाठवू नये. कर्ज काढून तर कधीच पाठवू नये. घरात मागावर बसून पै-पै जोडलेली असते; तिच्यावर धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा हक्क आधी पोहोचतो.

याचा अर्थ आम्ही तरुणांस घरी बसा म्हणतो असा नव्हे. आम्ही पायरी सांगत आहोत. राजहंसगड आपल्या दाराशी आहे. त्यावर चढावे, आणि विशेषतः उतरण्याचा सराव करावा. मग शनिवारी लांब धावून रविवारी पुन्हा, थकल्या पायांनीच, धावावे. टप्प्यांच्या शर्यतीची ती खरी शाळा होय. पाठीवरची पिशवी, पायातले बूट, तोंडात टाकावयाचा खाऊ, सारे येथेच पारखून घ्यावे. शर्यतीच्या दिवशी नवी वस्तू वापरू नये. पुढे साताऱ्यास २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात अर्धी मॅरेथॉन होते, तेथे उतरावे. त्यानंतर दार्जिलिंग. आणि एवढे सर्व पार पडल्यावर, दोन-तीन वर्षांनी, वैद्यांची संमती आणि घरच्यांचा आशीर्वाद घेऊन परदेशाची वाट धरावी. वडिलांस तेव्हा 'कशाला' असे विचारावे लागणार नाही. मुलाची तयारीच त्यांस उत्तर देईल.

मुलींच्या बाबतीत घराघरांत जो अधिक संकोच दिसतो, त्याविषयीही दोन शब्द. स्त्रियांना एवढे अंतर झेपणार नाही, अशी समजूत जगभर होती. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली, म्हणजे चौगुले धावले त्यानंतर चौसष्ट वर्षांनी, प्रथम झाली. पुढे साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. तेव्हा मुलीने विचारले तर तिलाही तेच प्रश्न विचारावेत आणि तीच पायरी दाखवावी. त्याहून वेगळी अट घालू नये.

शेवटी एकच सांगणे. दीर्घ धावेत उतरणाऱ्याने दोन निश्चय करून निघावे. पहिला, की कंटाळा आला म्हणून थांबणार नाही. दुसरा, की धोका दिसताच थांबल्याशिवाय राहणार नाही. पहिला निश्चय पुष्कळ जण करतात, आणि त्याचेच कौतुक होते. दुसरा त्याहून कठीण, कारण त्यास पदक नाही. परंतु घरी वाट पाहणाऱ्या आईस पदकाशी कर्तव्य नसते. उंबरठ्यावर पाऊल वाजले, की तिची शर्यत जिंकली जाते. ज्या तरुणास कंटाळा आणि धोका यांतला भेद ओळखता येतो, त्याने खुशाल जावे. खासबागेच्या शुभेच्छा त्याच्यामागे आहेत.