मूल 'पाहून शिकणारे' की 'ऐकून शिकणारे'?

आठवीतल्या मुलाला डोकेदुखीसाठी घेऊन आलेल्या आई म्हणाल्या, "डॉक्टर, हा व्हिज्युअल लर्नर आहे. टेस्ट केलीय. वाचून त्याला समजत नाही." मुलाने मान डोलावली. मला काळजी वाटली ती त्या मान डोलावण्याची!

२००८ साली हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचे संशोधन तपासले. मुलाची 'शैली' ओळखून तसे शिकवले तर ते जास्त शिकते, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. आवड असते, नाही असे नाही. पण आवड म्हणजे क्षमता नव्हे.

माझ्या मते पद्धत विषयावरून ठरावी. हृदयाची मर्मर आम्ही सगळे स्टेथोस्कोप कानाला लावूनच शिकलो. नुसते चित्र पाहून ती कुणालाच येत नाही. इन्सुलिन कसे घ्यायचे ते मी पेशंटला सांगतो, मग पेन त्यांच्याच हातात देतो. चूक तिथेच कळते. अभ्यासाचेही तसेच आहे. धडा चारदा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिलेले जास्त टिकते.

आणि हो, या 'पाहून शिकणाऱ्या' मुलाला तक्त्यावरच्या खालच्या चार ओळी वाचताच आल्या नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आहे.