नागिणीचा मुक्काम

गेल्या पावसाळ्यात आमचे काका चिंचवडच्या दुकानात दोन दिवस बरगडी धरून बसले होते. चाकणच्या कारखान्याला बेअरिंगचा माल पोहोचवायचा होता, म्हणून "उसण भरली असेल" म्हणत त्यांनी दुखणे अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी उजव्या कुशीवर पाणीदार पुटकुळ्यांचा पट्टा उमटला. वडीलधाऱ्यांनी लगेच ओळखले, ही नागीण! गेरू उगाळला गेला. तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, हे भाकीतही ओघाने आलेच.

वाचकहो, ही नागीण म्हणजे बालपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू, हर्पीस कुळातला. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे निजून राहतो. उतारवयात प्रतिकारशक्ती मंदावली की जागा होतो आणि एकाच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूस पसरलेला असल्याने पट्टा सहसा मध्यरेषेपाशीच थांबतो. तोंड-शेपटाच्या भाकितात तथ्य नाही.

खरे नाट्य पेशीच्या आत घडते. विषाणूचे कवच पेशीतील सूक्ष्म नलिकांवरून केंद्रकापर्यंत पोहोचते आणि आपले जनुकद्रव्य केंद्रकात सोडते. जणू परक्याने पेढीवर बसून आपल्याच चोपड्यांत स्वतःचा व्यवहार लिहावा! केंद्रक फुगते, आपली गुणसूत्रे कडेला ढकलली जातात. तेथे तयार झालेली नवी कवचे केंद्रकाच्या छिद्रांतून मावत नाहीत. म्हणून विषाणू केंद्रकाचे आतले अस्तरच सैल करतो आणि पडद्यातून वाट काढतो. शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची एकच राक्षसी पेशी बनते. पुटकुळीचा तळ खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहण्याची पद्धत त्झँक यांनी 1947 मध्ये मांडली.

1954 पासून पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स असल्याने आपल्याकडे प्रत्येक तापाला प्रतिजैविक मागण्याची सवय जुनी. परंतु पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही, आणि विषाणूला भिंतच नसते. येथे असायक्लोव्हिरसारखे औषध लागते. विषाणूच्याच विकरामुळे ते बाधित पेशीत कार्यरत होते. पुरळ उठल्यापासून 72 तासांत ते सुरू झाले तर उत्तम. डोळ्याजवळ पुरळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घरात गर्भवती सून वा तान्हे बाळ असल्यास पुटकुळ्या झाकून ठेवाव्यात.

काका पाचव्या दिवशी दवाखान्यात गेले. व्रण केव्हाच सुकले, पण आठ महिने झाले, कुशीला अजून सुती बंडीही सोसत नाही. पन्नाशीनंतर घ्यावयाच्या लशीची चौकशी आता काकूंनी स्वतःसाठी केली आहे.